घरचा कसून व्यायाम आणि शाकाहारी जेवण: प्रथिनांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न:
नमस्कार. पी-नाइन्टी-एक्स या 90 दिवसांच्या कार्यक्रमानुसार मी आठवड्यातून सहा दिवस घरी व्यायाम करते. वजन 60 किलो असून आहार शाकाहारी आहे. जिना उतरताना मांड्या भरून येतात आणि दुपारी अगदी गळून गेल्यासारखे होते. खाण्यात नेमके काय वाढवावे?

प्रतिसाद १:
ताई, इतका कस लागणारा व्यायाम करणाऱ्यांना दर किलो वजनामागे साधारण 1.4 ते 2 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे आपल्याला दिवसाला किमान 84 ग्रॅम. वाटीभर वरणातून जेमतेम पाच-सहा ग्रॅम मिळत असल्याने केवळ वरण-भात-पोळीवर हा हिशेब जुळत नाही. 50 ग्रॅम कोरड्या सोयावड्यांतून मात्र सुमारे 25 ग्रॅम मिळतात. त्या गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून रश्शात घालाव्यात. पोळी-भात मुळीच तोडू नका, कारण तो कमी पडला तरीही असा थकवा येतो.

प्रतिसाद २:
आहाराबद्दल सहमत आहे, पण मला विश्रांतीची अधिक काळजी वाटते. सवय नसलेल्या व्यायामानंतरचे दुखणे 24 ते 72 तासांत सर्वाधिक जाणवून ओसरू लागते. तसे न होता स्नायू सुजले किंवा लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण झिजलेल्या स्नायूंतील द्रव्ये मूत्रपिंडांना इजा करू शकतात. या कार्यक्रमात चौथा, आठवा आणि तेरावा हे आठवडे हलके ठेवलेले आहेत. ते कृपया टाळू नका.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. लघवी नेहमीसारखीच आहे. सोयावड्या उद्याच आणते.