हॉटस्पॉटला वेगळा कोटा असावा का?

हिशेबी: अमेरिकेत बऱ्याच 'अनलिमिटेड' प्लॅनमध्ये हॉटस्पॉटचा कोटा वेगळा असतो. तो संपला की फोन पळतो, लॅपटॉप रांगतो. आपल्याकडे हे खूळ येऊ नये. जीबी एकदा विकला, मग तो कुठल्या स्क्रीनवर संपला याच्याशी कंपनीला काय करायचंय?

टॉवरखालचा: रोज 2 जीबीच्या 4जीला हे लागू. मोजून दिलंय, कसंही खा. पण अमर्याद 5जीची किंमत एक माणूस फोनवर किती बघेल या अंदाजावर बसते. सेक्टरची, म्हणजे टॉवरच्या एका दिशेच्या भागाची, क्षमता तिथल्या सगळ्यांत वाटली जाते. एका सिमवर टीव्ही, दोन लॅपटॉप आणि दारावरचा कॅमेरा लावला की ते घरचं ब्रॉडबँड झालं. जिओ एअरफायबरलासुद्धा महिन्याला 1000 जीबीची मर्यादा आहेच की!

हिशेबी: मग तसाच आकडा मोबाइल पॅकवरही छापा. हॉटस्पॉटला कशाला मधे आणता?

पॅकेटवाला: आणि हॉटस्पॉट वापरलाय हे ओळखणार कसं? डेटा पॅकेट नावाच्या तुकड्यांत जातो, आणि प्रत्येकावर टीटीएल नावाचा आकडा असतो. फोनमधून निघालेल्या पॅकेटचा 64, विंडोजचा 128. हॉटस्पॉटमधून जाताना एक कमी होतो. पलीकडे कंपनीला 127 दिसला की विंडोजचा लॅपटॉप, 63 दिसला की दुसरा फोन किंवा मॅकबुक. आता लॅपटॉपवरच तो आकडा 65 केला तर सगळं फोनसारखं दिसतं. (इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीचा, आयपीव्ही4 चा, आकडा बदलून नव्या आयपीव्ही6 चा विसरणारे तेवढे सापडतात.) म्हणजे जाणकार निसटणार आणि ऑनलाइन परीक्षा देणारी मुलगी अडकणार.

रात्रपाळी: भांडण जीबीचं नाहीच हो, वेळेचं आहे. रात्री 9 ते 11 टॉवर भरलेला असताना एकाने ओढलेले 3 जीबी शेजाऱ्याला टोचतात. पहाटे 3 वाजता 30 ओढले तरी कुणाचं काही जात नाही. टॉवर तसाही चालूच असतो. व्होडाफोन आयडियाने रात्री 12 ते 6 डेटा मोफत दिला, तो काय धर्मादाय म्हणून नव्हे. जास्त ओढणाऱ्याला गर्दीत मागे उभं करा, गर्दी ओसरली की सोडा.

हिशेबी: मान्य. पण मागे म्हणजे किती मागे? आज कोटा संपला की 64 केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), म्हणजे सेकंदाला 8 केबी (किलोबाइट). 1 एमबीचा फोटो उतरायला दोन मिनिटं. बँकेचं पान उघडेपर्यंत ओटीपी शिळा! 2023 पासून सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान 2 एमबीपीएस. तिथवरच हळू करा.

टॉवरखालचा: 2 एमबीपीएस फुकट मिळालं तर मोठा पॅक घेणार कोण? 512 केबीपीएस ठेवा. आणि आधी विंडोजमध्ये त्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' सुरू करा. नाहीतर लॅपटॉप हॉटस्पॉटला घरचं वाय-फाय समजून अपडेट उतरवत बसतो. मीटर्ड केलं की वनड्राइव्हचं सिंकही थांबतं. निम्मी रड तिथेच मिटते.

हिशेबी: 512 वर व्हिडिओ कॉलला आवाज येतो, चेहरा गोठतो. 1 एमबीपीएसवर बोला.