गप्पांच्या संध्याकाळी खायला काय ठेवू?

शनिवारी पाच-सहा मैत्रिणी येतायत. जेवण नाही, नुसतं खाणंपिणं. मला स्वयंपाकघरात अडकायचं नाहीये, पण टेबल नेटकं दिसावं. सुचवा ना.

प्रतिसाद: काकडीची सँडविचेस करा. पातळ चकत्यांना मीठ लावून 15 मिनिटं चाळणीत ठेवा, मग फडक्यावर टिपून घ्या. हे टाळलंत तर ब्रेड ओला झालाच म्हणून समजा! लोणी अगदी कडेपर्यंत लावा, म्हणजे पाणी मुरत नाही. कडा कापल्यावर ओलसर फडक्याखाली झाकून ठेवा.

प्रतिसाद: चीज ठेवणार असाल तर अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा, गारढोण चीजला चव लागत नाही. सोबत द्राक्षं, भाजलेले बदाम. पुरे.

काकडी नक्की! आणि प्यायला?

प्रतिसाद: लिंबू सरबत. बर्फ ग्लासात घाला, जगमध्ये नको, पांचट होतं.