मुलांचं नैराश्य: आधी विचारांची वही की आधी हालचाल?

गोदाकाठ: नैराश्य आलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती पहिल्याच भेटीत चार रकान्यांची वही देणं थांबवायला हवं. प्रसंग, विचार, भावना, दुसरा विचार. 'सगळे मला टाळतात' हे विचारात लिहायचं की भावनेत, इथंच गाडं अडतं. वही कोरी राहिली की 'मला हेही जमत नाही' याला आणखी एक पुरावा मिळतो. त्यापेक्षा पहिले ३-४ आठवडे फक्त कृती ठेवा. रोज दोन छोटी कामं: एक आवडीचं, एक जमल्याचं समाधान देणारं. आधी आणि नंतर मूडला ० ते १० गुण. 'खेळायला जा' हे काम नव्हे. 'साडेपाचला चपला घालून खाली, १० मिनिटं' हे काम.

निर्झर: नाही पटलं. पोरगं खाली गेलं, कुणी खेळायला घेतलं नाही, वर येऊन म्हणालं 'मी नकोसाच आहे'. आता? त्या वाक्याला हात न लावता उद्या पुन्हा खाली पाठवलं, तर कृतीच घाव घालते. वही नको, कबूल. कागदावर माणूस आणि डोक्यावर फुगा काढा, मुलं त्यात भराभर लिहितात. तेरा-चौदाच्या पुढे तर विचारांवर काम टाळूच नये.

सातपुडा: दोघंही औषधाचं नाव घेत नाही. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवर झालेला 'टॅड्स' अभ्यास (२००४) बघा. १२ आठवड्यांनी फ्लुओक्सेटिन (नैराश्यावरचं औषध) आणि सीबीटी (विचार आणि कृती बदलण्यावर काम करणारी बोलण्याची उपचारपद्धत) एकत्र घेणारी ७१ टक्के मुलं सुधारली, फक्त औषधावर ६१, फक्त सीबीटीवर ४३, नुसत्या प्लासिबोवर (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) ३५. मध्यम-तीव्र नैराश्यात नुसत्या गप्पांवर महिने घालवणं हा मुलावर अन्याय आहे.

गोदाकाठ: त्याच अभ्यासाचे ३६ आठवड्यांचे आकडेही द्या ना: दोन्ही एकत्र ८६, फक्त औषध ८१, फक्त सीबीटी ८१. सीबीटी मागून येऊन औषधाला गाठते. शिवाय त्यात बारा वर्षांखालचं एकही मूल नव्हतं, आणि माझा मुद्दा त्यांच्याबद्दलच आहे.

सातपुडा: गाठते, पण काही महिने उशिरा, आणि तेवढ्यात शाळेचं वर्ष हातचं जातं. औषध सुरू केल्यावर पहिले काही आठवडे मात्र डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेत २००४ पासून नैराश्याच्या औषधांवर तसा ठळक इशारा आहे. दर आठवड्याला मुलाला थेट विचारा, 'मरून जावं असं वाटतं का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर घरातली औषधं कुलपात, मूल एकटं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर. रात्री-अपरात्री काय करावं सुचेना, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.

निर्झर: हे मात्र शब्दन् शब्द मान्य. फुग्याच्या चित्रावर मी अजून ठाम आहे.