मदत हवी आहे: घोडबंदरला आल्यापासून तूरडाळ शिजत नाही. दोष पाण्याचा की डाळीचा?

नमस्कार मंडळी,

नौपाड्यातलं घर सोडून घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे राहायला आलो आणि तेव्हापासून वरण धड होत नाही. कुकर तोच, गॅस तोच, शिट्या नेहमीपेक्षा जास्तच. तरी डबा उघडला की वर पिवळं पाणी आणि तळाशी सुटे दाणे. दाणा चिमटीत दाबला तर बाहेरून मऊ लागतो, मधली कणी मात्र तशीच. रवीने कितीही घोटलं तरी एकजीव होत नाही.

हे एवढं मनावर घेण्याचं कारण म्हणजे बाबा. त्यांना कवळी सोसत नाही, रात्री वरणभातच खातात. कणी हिरडीला टोचली की काही न बोलता ताट बाजूला सरकवतात. ते बघवत नाही.

कुकरची रिंग नवी आहे, वाफ कुठून जात नाही. डाळ तासभर भिजवते, हळद-हिंग आणि थेंबभर तेल घालते, मीठ नंतर. आमच्या सोसायटीत पालिकेचं पाणी पुरत नाही, म्हणून टाकीत टँकरचं आणि बोअरचंही पाणी पडतं. नळांवर पांढरे थर बसतात, गीझरची कॉइलही पांढरी झाली आहे. पिण्यासाठी आरओ आहे, स्वयंपाक नळाच्या पाण्यात. नौपाड्याला ताईकडे वरण छान होतं, पण तिची डाळ वेगळ्या दुकानाची, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही.

कमिटीत विषय काढला तर टीडीएसचा आकडा दाखवतात आणि पाणी चांगलं आहे म्हणतात. शेजारच्या काकू म्हणतात चिमूटभर सोडा घाल. रोज सोडा घातलेला बाबांना चालेल का? आणि मुळात पाण्याने डाळ शिजायची थांबते ती नेमकी कशामुळे? कुणाला यातलं रसायन नीट माहीत असेल तर सविस्तर सांगा.

वाशीकर

ताई, सर्वात आधी हे करून बघा. कुकरमध्ये दोन डबे लावा. दोन्हीत एकाच पुडीतली, तेवढीच डाळ. एक डबा नळाच्या पाण्यात भिजवून त्याच पाण्यात शिजवा, दुसरा आरओच्या पाण्यात भिजवून आरओच्याच पाण्यात. भिजवणंही वेगळं हवं, कारण दाणा भिजताना पाण्यातलं कॅल्शियम आत घेतो. कुकर एक, आच एक, त्यामुळे फरक पडला तर तो पाण्याचाच.

आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं, त्यात हा त्रास नाही. पण मागे इमारतीचं काम चालू असताना टँकर घ्यावा लागला होता, तेव्हा चवळीसुद्धा चरचरीत राहायची.

बेलापूरची मास्तरीण

रसायनशास्त्र शिकवते म्हणून सविस्तर लिहिते.

डाळीच्या दाण्यात पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिनमुळे. विटांमधल्या सिमेंटसारखं त्याचं काम. शिजताना उष्णतेने पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि मग डाळ घोटली की एकजीव होते. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असेल तर हे आयन पेक्टिनच्या शेजारशेजारच्या साखळ्यांना एकमेकींशी जखडून टाकतात. असं पेक्टिन सहजी विरघळत नाही. कुकरमध्ये तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, तरी पाणी फार जड असेल तर कणी उरते. तुम्ही चिमटीत धरून पाहिलेला दाणा हेच दाखवतो.

पण डाळ जुनी असली तरी अगदी असंच होतं, म्हणून वाशीकरांची चाचणी महत्त्वाची. डाळी-कडधान्यांत फायटिक आम्ल असतं आणि ते कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवतं. गरम, दमट हवेत साठा बरेच महिने पडून राहिला की हे आम्ल हळूहळू मोडतं, धरलेले आयन सुटतात आणि पेक्टिनला जाऊन बिलगतात. म्हणजे पाणी कितीही हलकं घ्या, दाण्यातलंच कॅल्शियम आडवं येतं. ठाण्याच्या पावसाळ्यात उघड्या पोत्यातली डाळ घेताना हे लक्षात ठेवा. आपल्याकडे तूर निघते साधारण डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा शक्य तर नव्या हंगामाची डाळ थोडी-थोडी आणा.

आंबटाचंही तेच. आम्लात पेक्टिन टिकून राहतं, म्हणून आमटीत चिंच, आमसूल किंवा टोमॅटो डाळ पूर्ण शिजल्यावरच. गूळही तेव्हाच, त्यातही थोडं कॅल्शियम असतं. मीठ मात्र उगाच बदनाम आहे. एक लिटर पाण्यात दोन छोटे चमचे मीठ घालून कडधान्य भिजवलं तर सोडियम आत शिरून कॅल्शियमची जागा घेतं आणि दाणा लवकर शिजतो. ते पाणी ओतून टाकायचं.

सोडा दोन बाजूंनी काम करतो. पाणी अल्कधर्मी झालं की पेक्टिनच्या साखळ्या तुटतात, शिवाय तापल्यावर सोड्यापासून कार्बोनेट तयार होऊन कॅल्शियम खाली बसतं. काकूंचा उपाय लागू पडेल यात शंका नाही. पण त्याने डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि पोटात सोडियम जातं. वडील रोज तेच जेवतात, म्हणून मी तरी रोज घालणार नाही. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. दोन डब्यांचा प्रयोग केला. आरओची डाळ रवी लावताच विरघळली, नळाची तशीच दाणेदार. बाबा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. छोले मात्र आरओच्या पाण्यातही कडकच राहिले.

डाळ धुवायलाही आरओच लागेल का? आणि कमिटीच्या टीडीएसचं काय?

बेलापूरची मास्तरीण

छोले जुने आहेत, दुकान बदला. धुवायला नळाचं पाणी चालेल, भरभर धुवून निथळून घ्या. भिजवायला आणि शिजवायला मात्र आरओच.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले सगळे क्षार. त्यात कॅल्शियम किती आणि सोडियम किती, हे तो आकडा सांगत नाही. टाकीवर सॉफ्टनर बसवला तर कॅल्शियम जाऊन त्याजागी सोडियम येतं, डाळ शिजायला लागते, पण टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. म्हणून कमिटीला टीडीएस नको, एकूण कठीणपणा, म्हणजे पाण्याचा जडपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून किती ते), तपासून मागा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी तो लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत असावा असं धरलं आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. टँकरचा, बोअरचा आणि पालिकेच्या जोडणीचा नमुना वेगवेगळा द्या. टाकीतला एकच नमुना दिला तर जड पाणी कुठून येतंय ते कळणार नाही.

वाशीकर

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत घरचा उपाय सांगतो. काचेच्या बाटलीत नळाचं पाणी घ्या, कपडे धुण्याच्या साध्या साबणाचा कीस टाकून हलवा. दुसऱ्या बाटलीत आरओचं पाणी आणि तेवढाच कीस. जड पाण्यात फेस धरत नाही, दह्यासारखा साका तरंगतो. हँडवॉश किंवा डिटर्जंट पावडर घेऊ नका, त्यांचा जड पाण्यातही फेस होतो. कमिटीच्या बैठकीला दोन्ही बाटल्या घेऊन जा.

धागाकर्ती

रविवारी बैठक आहे, बाटल्या नेते. तिन्ही नमुने वेगळे तपासायचं लेखी पत्रही देते. अहवाल आला की आकडे इथेच टाकेन. घोडबंदरला राहणाऱ्या आणखी कुणी तपासून घेतलं असेल तर आपापले आकडे जरूर लिहा, टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं तेही कळलं तर बरं.