लाळेतील विकर (एन्झाइम) थंडीत मंदावते, उकळल्यावर मात्र कायमचे का थांबते?

प्रश्न (अकरावी विज्ञान, दादर):
पिष्टाच्या द्रावणात लाळ घालून आयोडीनने तपासले असता ३७ अंश सेल्सिअसला निळा रंग (पिष्ट शिल्लक असल्याची खूण) येणे लवकर थांबले, तर बर्फातल्या व उकळलेल्या लाळेच्या नळ्यांत तो येतच राहिला. बर्फातली नळी कोमट केल्यावर क्रिया सुरू झाली. उकळलेली लाळ निवल्यावर का झाली नाही?

उत्तर १:
बर्फात अमायलेजची, म्हणजे लाळेतील पिष्ट पचवणाऱ्या विकराची, रचना शाबूत असते. केवळ रेणूंची गती मंदावल्याने पिष्ट त्याच्या सक्रिय स्थानी (जेथे पिष्ट बसून क्रिया होते तेथे) कमी वेळा पोहोचते. उकळल्यावर मात्र प्रथिनाची घडी टिकवणारे हायड्रोजन बंध तुटून त्या स्थानाचा आकारच उरत नाही, आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग जसा पुन्हा पातळ होत नाही, तसेच येथे घडते.

उत्तर २:
सामूही (pH, म्हणजे आम्लता मोजण्याचे माप) महत्त्वाचा आहे. अमायलेज ६.८ च्या आसपास उत्तम चालते, म्हणून वडापाव चावताना सुरू झालेले त्याचे काम जठरातील आम्लात मिसळताच थांबते. जठरातील पेप्सिन या विकराला मात्र २ च्या जवळचा सामू मानवतो.

प्रश्नकर्ता:
पिष्ट दुप्पट केल्यास वेगही दुप्पट होईल का?

उत्तर १:
पिष्ट अगदी कमी असेल तरच. विरार लोकल खचाखच भरल्यावर फलाटावरील गर्दी वाढून आतले प्रवासी वाढत नाहीत, तशी सक्रिय स्थाने भरली की वेग स्थिरावतो. मायकेलिस आणि मेंटेन या शास्त्रज्ञांनी १९१३ मध्ये हेच समीकरणात मांडले.