ट्रू-फॉल्सचे आकडे करायला दोन वजा (--) कशाला?

मास्तर४१: शाळेच्या निकालाची एक्सेल शीट नुकतीच माझ्याकडे आली. उत्तीर्ण किती, ते काढायला आधीच्या सरांनी समप्रॉडक्ट (यादीतल्या आकड्यांची बेरीज देणारं फंक्शन) वापरून लिहिलंय: =समप्रॉडक्ट(--(सी२:सी४१>=३५)). दोन वजा चुकून पडलेत असं वाटून मी ते काढले, तर उत्तर ०! अर्धा दिवस गेला यात. माझं मत स्पष्ट आहे. शीट दुसऱ्याच्या हाती जाणार असेल, तर वेगळा रकाना करून इफ(सी२>=३५,१,०) लिहावं आणि खाली बेरीज घ्यावी. वाचणाऱ्याला लगेच कळतं.

वजावजा: अजिबात पटलं नाही. तुलनेतून ट्रू-फॉल्स (अट खरी की खोटी) मिळतं आणि समप्रॉडक्ट ते शून्य धरतं. गणिती क्रिया केली की ट्रूचा आकडा होतो: पहिल्या वजाने -१, दुसऱ्याने परत १. *१ किंवा +० केलं तरी तेच. रकाने वाढवत बसलं की कुणीतरी मधली ओळ पुसतं आणि बेरीज बिघडते, हे मी बघितलंय.

रेवा_पी: वजा खटकत असतील तर त्यांच्या जागी ट्रूचा १ करणारं एन फंक्शन वापरून एन(सी२:सी४१>=३५) लिहा, तेवढंच काम होतं. फक्त अट नसलेल्या नुसत्या रेंजला (सेलच्या पट्ट्याला, जसं सी२:सी४१) एन लावू नका, ते पहिल्याच सेलची किंमत देतं.

हिशेबतपासणी: मास्तर, आधी एक सांगा. सी रकान्यात कुठे 'गैरहजर' लिहिलंय का? एक्सेलमध्ये तुलना करताना मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा ठरतो. म्हणजे 'गैरहजर'>=३५ चं उत्तर ट्रू, आणि परीक्षेला न बसलेलं मूल पास! मग इफ लावा, वजा लावा नाहीतर एन, तिन्हींत तीच चूक. उलट <३५ ने नापास मोजलेत तर रिकामे सेल शून्य धरून नापासांत जातात. काउंटइफ(सी२:सी४१,">=३५") हे अटीत बसणारे सेल मोजणारं फंक्शन फक्त आकडेच बघतं. इथे ट्रूचा १ करायची गरजच नाही.

वजावजा: मजकुराचा मुद्दा मान्य, तो माझ्याही लक्षात आला नव्हता. पण गणित आणि विज्ञान मिळून ७० हवेत, अशी अट आली तर? काउंटइफला रेंज लागते, दोन रकान्यांची बेरीज चालत नाही. तिथे --(सी२:सी४१+डी२:डी४१>=७०) लागतंच. आणि तिथे 'गैरहजर' असेल तर सरळ एरर येते, चूक लपत नाही.

मास्तर४१: आत्ता शीट उघडून पाहिली. तीन मुलं गैरहजर आहेत आणि तिघंही उत्तीर्णांत धरली गेलीत. उद्या सकाळी काउंटइफ लावून सगळे विषय पुन्हा मोजतो. दोन वजांबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. वापरायचेच असतील तर त्या सेलला ते कशासाठी आहेत याची एका ओळीची नोट जोडा.