मदत हवी आहे: माशांच्या टाकीच्या फिल्टरमध्ये कवेलूचे (छपरावरच्या कौलांचे) तुकडे चालतील का?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे ३ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच काचेची टाकी आहे. पाणी साधारण १०० लिटर, मासे तीन गोल्डफिश, वर डब्याचा फिल्टर. टाकी खरी माझ्या सासऱ्यांची. नानांना स्वच्छतेचं भारी वेड (आमच्या इंदूरने २०१७पासून सलग कित्येक वर्षं देशातल्या स्वच्छ शहरांत पहिला नंबर काढलाय, त्यातलं थोडं श्रेय आमच्या घरालाही द्यायला हरकत नाही). गेल्या रविवारी त्यांनी फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून असा चोळला की नवाकोरा दिसायला लागला. बुधवारी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसले. पाणी तपासायच्या किटवर अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅम!

मग वाचत बसले. स्पंजवरचा बुळबुळीत तपकिरी थर म्हणजे जिवाणूंची वस्ती होती. मासे कल्ल्यांतून अमोनिया टाकतात, हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आमच्या नळाला नर्मदेचं क्लोरीनवालं पाणी, त्यात सगळे गेले. आता रोज ३० टक्के पाणी बदलतेय, तेही हौदातलं, अँटी-क्लोरीन टाकून. खाणं बंद आहे. मासे सावरलेत.

पण पुन्हा सगळा भार एका स्पंजवर नको. दुकानदार अर्धा किलो सिरॅमिक रिंगांचे साडेतीनशे सांगतो. नाना म्हणतात, "मल्हारगंजच्या घराचे कवेलू पोतंभर पडलेत, फोडून घाल." मला भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळ्या सुचताहेत. शेजारी बांधकामाची काळी गिट्टीही आहे. यातलं काय घालू? जाणकारांनी सांगावं.

– माळव्यातली मासोळी

बडोदेकर:
ताई, जिवाणूंना महाग-स्वस्त कळत नाही. त्यांना बसायला जागा हवी आणि अंगावरून ऑक्सिजनवालं पाणी वाहायला हवं. रिंगांच्या बारीक छिद्रांचं दुकानदार फार कौतुक करतात, पण ती गाळाने बुजली की आतल्या जागेचा उपयोग राहत नाही. म्हणून मी जाळ्यांच्या बाजूचा. हलक्या असतात आणि सहसा तुंबत नाहीत. फक्त साबण लावलेल्या किंवा जंतुनाशकवाल्या नकोत, आणि तारेच्या तर मुळीच नकोत. गिट्टी चालते, पण वजनाच्या मानाने जागा कमी देते.

आणि जुना स्पंज फेकू नका! सगळे गेले म्हणता, पण थोडे उरले असतील, त्यांच्यापासूनच नव्या जाळ्यांवर वस्ती होईल. पाण्याच्या वाटेत आधी स्पंज, मग जाळ्या. चार ते सहा आठवडे दोन्ही एकत्र ठेवा. पुढे स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत, दोनदा पिळून, बस्स.

काठावरचा:
कवेलूंना उगाच बाद करू नका, भाजलेली मातीच ती. मी चार वर्षं वापरतोय. अक्रोडाएवढे तुकडे करा, धारा घासून बोथट करा. मात्र आधी व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. फेस आला तर त्यावर चुना आहे, तो पाण्याचा पीएच वाढवतो. एरवी गोल्डफिशला कठीण पाणी मानवतं, पण पीएच चढला की तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो, आणि तुमच्याकडे सध्या अमोनिया आहेच. संगमरवराच्या खड्यांचंही तेच. रंग किंवा डांबर लागलेला कवेलू घेऊच नका.

अजून एक. काहीही घाला, नायट्रेट साचणारच, पाणी बदलणं सुटत नाही. मनी प्लांटची मुळं टाकीत सोडा, थोडं ती खातात.

माळव्यातली मासोळी:
दोघांचेही आभार! व्हिनेगर टाकलं, सात कवेलूंपैकी पाच फसफसले. नानांना मग आठवलं, त्या घराला दर दिवाळीला चुना मारायचे आणि हात वरपर्यंत फिरायचा. त्यामुळे कवेलू रद्द, जाळ्या आणते. स्पंज धुवायची बादली मी वेगळी ठेवलीय आणि नानांना दाखवलीय. ते फक्त "हं" म्हणाले.

आता शेवटची शंका: डबा दीड फूट लांब आणि चार इंच खोल आहे. जाळ्या दाबून भरू की सैल?